४३ इंचाचा आरसा

सोमवार सकाळची मीटिंग. कॉन्फरन्स रूममध्ये एसी नेहमीप्रमाणे जरा जास्तच थंड. प्रेझेंटेशन रंगात आलंय, बॉस मान डोलावतायत, आणि तेवढ्यात पडद्यावरच्या सेल्सच्या ग्राफवर कोपऱ्यातून एक पट्टी अलगद सरकत येते.. 'पिल्लू, डबा खाल्लास का?' पुढची दोन मिनिटं ग्राफकडे कुणाचंही लक्ष नाही. ज्याचा लॅपटॉप, त्याला त्या दिवसापासून ऑफिसभर 'पिल्लू' हेच नाव!

हसलात ना? मीही पोट धरून हसलो होतो. पण मंडळी, गेल्या डिसेंबरात अशीच एक पट्टी माझ्याही मोबाइलवर आली. फक्त ती ऑफिसच्या प्रोजेक्टरवर नाही, तर आमच्या मालवणच्या घरातल्या ४३ इंची टीव्हीवर. समोर आजी, काका, काकी, शेजारची दोन म्हातारी माणसं आणि शेंगदाणे खाणारी चार पोरं. आणि त्या पट्टीत 'पिल्लू' नव्हतं. पिल्लू असतं तर फार बरं झालं असतं.

पण गजाल सुरुवातीपासून सांगतो.

मार्गशीर्षात आमच्या गावची जत्रा असते. कोकणकन्येनं रात्रभर घोरत कुडाळ गाठायचं, तिथून एसटीनं मालवण आणि मग रिक्षानं वाडी. मुंबईत वर्षभर कितीही 'कॉर्पोरेट' असलो तरी जत्रेला लीव्ह टाकायची, हा आम्हा चुलत भावंडांचा अलिखित नियम. बॉसला कारण सांगताना 'फॅमिली फंक्शन' म्हणायचं. 'दशावतार बघायला चाललोय' म्हटलं की पुढचे प्रश्न फार येतात!

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास सिंधुदुर्गात जत्रा सुरू होतात. देवाची पालखी झाली की मध्यरात्रीच्या आसपास दशावतारी नाटक उभं राहतं. आधी गणपती, मग काळ्या वेशातला संकासुर आणि भटजी यांची धमाल, आणि त्यानंतर मुख्य आख्यान. लिहिलेली संहिता नाही. राजा काय बोलणार आणि राक्षस त्याला काय सुनावणार हे तिथल्या तिथे ठरतं. बायकांची कामं पुरुषच करतात, रंग स्वतःचा स्वतः लावतात. उजाडताना दहीकाला होतो आणि लोक डोळे चोळत घरी जातात.

आजीचं वय ८४. गेली साठेक वर्षं तिनं गावच्या जत्रेतलं नाटक चुकवलेलं नाही. घोंगडी, पाण्याची बाटली आणि चुरमुऱ्याच्या लाडवांचा पुडा घेऊन ती पहिल्या रांगेत. पण यंदा गुडघ्यांनी संपच पुकारला. देवळाकडची चढण तिला जमेना. डॉक्टर 'नको' म्हणाले, काका 'नको' म्हणाले, आणि आजी काहीच म्हणाली नाही. आमच्या आजीनं काही न म्हणणं म्हणजे काय, हे आमच्या घरात सगळ्यांना कळतं.

मग माझ्या डोक्यातला आयटीवाला जागा झाला. नाटक आजीकडे आणू की! मागच्याच दिवाळीला आम्ही भावंडांनी वर्गणी काढून घरी ४३ इंची स्मार्ट टीव्ही पाठवला होता. माजघराच्या भिंतीवर तो लटकलेला, पण त्यातलं 'स्मार्ट' कुणीच वापरलेलं नाही. खाली सेट टॉप बॉक्स, वर क्रोशाचा रुमाल, संध्याकाळी मालिका. म्हणजे आम्ही जणू विमान घेऊन दिलं आणि घरचे त्यातून रोज बाजारात जाऊन येत होते.

फेरी पहिली : गोल गोल राणी

यूट्यूबवर दशावताराची नाटकं पोत्यानं पडली आहेत. मुंबईतला चाकरमानी लोकलमध्ये उभ्यानं ती बघतो. 'लोकराजा' म्हणून ओळखले जाणारे सुधीर कलिंगण २०२२ साली गेले, पण त्यांचा राजा अजून लोकांच्या मोबाइलमध्ये रोज दरबार भरवतो. आजीही काकांच्या फोनवर तो बघायची, फोन नाकाला लावून. मोतीबिंदूचं एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसरा अजून रांगेत आहे. पाच-सहा इंचांत राजा कुठला आणि प्रधान कुठला, हे ती आवाजावरून ओळखायची.

तर मी ऐटीत यूट्यूब उघडलं आणि वरचं ते चौकोन आणि तीन लहरींचं चिन्ह दाबलं. कास्ट! आता यातला फंडा समजून घ्या, कारण निम्मा गोंधळ इथेच होतो. कास्ट केल्यावर व्हिडिओ तुमच्या मोबाइलमधून टीव्हीत जातच नाही. मोबाइल टीव्हीला फक्त एवढंच सांगतो, 'अमुक नाटक लाव.' मग टीव्ही स्वतः इंटरनेटवर जाऊन ते घेऊन येतो. मोबाइल झाला रिमोट. तुम्ही तोवर खुशाल दुसरं काहीही करा, टीव्हीला पत्ता लागत नाही. गूगलनं २०१३ मध्ये क्रोमकास्ट नावाची छोटी दांडी आणली आणि ही पद्धत घरोघरी गेली. ती दांडी बनवणं २०२४ मध्ये बंद झालं, पण तोवर ही सोय टीव्हीच्या पोटातच जाऊन बसली होती.

पण टीव्हीनं स्वतः जायचं, तर टीव्हीला नेट हवं. घरी वाय-फाय नाही. चुलतभावाच्या मोबाइलचं हॉटस्पॉट लावलं. टीव्ही आणि माझा फोन दोघंही त्याच्यावर. आणि आमच्या घरात मोबाइलची रेंज मिळते ती फक्त तुळशीपाशी, तीही दोन काड्या. भाऊ खळ्यात तुळशीजवळ फोन उंच धरून उभा, आत टीव्हीवर राजा सिंहासनावर बसलेला आणि त्याच्या नाकावर एक गोल फिरतोय. फिरतोय.. फिरतोच आहे.

दहा मिनिटांनी काकांनी विचारलं, "ह्यो राजा कधी उठतलो रे?"

राजा उठला नाही. आजी उठली आणि देवापाशी दिवा लावायला गेली.

फेरी दुसरी : आरसा

त्या रात्री आम्ही पोरं जत्रेला गेलो. पालखी, संकासुर, सगळं चुलतभावानं मोबाइलवर शूट केलं. सव्वा तासाचं रेकॉर्डिंग. आणि पहाटे घरी येताना डोक्यात दिवा पेटला. अरे, आजीला जे हवंय ते इंटरनेटवर नाहीच. ते आमच्या खिशात आहे! आमच्याच देवळाचं, आमच्याच गावच्या माणसांचं, काल रात्रीचं. ते भावानं सकाळीच माझ्या फोनमध्ये टाकलं.

इथे कामाला येतं ते मिररिंग. नावाप्रमाणेच आरसा. मोबाइलच्या स्क्रीनवर जे दिसतं तेच जसंच्या तसं टीव्हीवर. अँड्रॉइडवाल्यांसाठी यातलं जुनं, भरवशाचं नाव मिराकास्ट. २०१२ मध्ये आलेली पद्धत. यातली गंमत म्हणजे इथे इंटरनेट लागत नाही, राउटरसुद्धा लागत नाही. फोन आणि टीव्ही वाय-फायच्या लहरींवर एकमेकांशी थेट हात मिळवतात. मालवणात काय, समुद्राच्या मधोमध होडीत टीव्ही नेलात तरी चालेल. फक्त वीज हवी!

अडचण एकच, ही सोय प्रत्येक कंपनीच्या फोनमध्ये वेगळ्या नावानं लपलेली असते. कुठे स्मार्ट व्ह्यू, कुठे स्क्रीनकास्ट, कुठे वायरलेस डिस्प्ले. आणि ती सगळ्यांकडे असते असंही नाही. गूगलच्या पिक्सेल फोनमध्ये मिराकास्ट नाही. आयफोनलाही ते कळत नाही, त्याचा स्वतःचा एअरप्ले असतो आणि टीव्हीलाही तो यावा लागतो. माझ्या चुलतबहिणीनं तिचा महागडा आयफोन अर्धा तास टीव्हीसमोर नाचवला. टीव्हीनं ओळखसुद्धा दाखवली नाही.

माझा साधा अँड्रॉइड मात्र पावला. टीव्हीच्या सोर्समध्ये जाऊन स्क्रीन मिररिंग उघडलं, फोनवर टीव्हीचं नाव आलं, त्यावर टिचकी, टीव्हीनं विचारलं 'परवानगी द्यायची का', रिमोटवर ओके.. आणि भिंतीवर माझ्या मोबाइलचा होमस्क्रीन! वॉलपेपरवरच्या माझ्या गोव्यातल्या फोटोकडे काकीनं जरा रोखून पाहिलं. मी घाईघाईत व्हिडिओ लावला आणि फोन आडवा केला.

पालखी आली. टीव्हीभर. ढोलाचा आवाज घरभर. आजी खुर्ची पुढे ओढत ओढत पार टीव्हीच्या पुढ्यात. "ह्यो गुरवाचो झिल मां? केवढो झालो!" पालखीला खांदा दिलेल्या एकेकाला ती नावानं ओळखत होती. शेजारचे आजोबा पाठीमागून दाद देत होते. काकांना ते रामायणाचे, १९८७-८८ चे दिवस आठवले. वाडीत एकच टीव्ही, रविवारी सकाळी अर्धी वाडी त्या घरात आणि एकजण कौलांवर अँटेना फिरवतोय. खालून सगळे ओरडायचे, "इला, इला.. गेला!" आता घरात पाच माणसं आणि पाच मोबाइल. एक हसतो तेव्हा बाकीचे चार विचारतात, काय झालं? त्या संध्याकाळी कित्येक वर्षांनी सगळे एकाच गोष्टीला एकाच वेळी हसत होते.

संकासुर आला. भटजीची फिरकी घेऊ लागला. आजी डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होती.

आणि तेव्हा ती पट्टी आली.

पट्टी

आता हा आरशाचा दुसरा गुण. आरसा निवड करत नाही. मिररिंगमध्ये टीव्हीला व्हिडिओ वेगळा आणि मेसेज वेगळा असं काही कळत नाही. स्क्रीनवर जे आलं ते भिंतीवर गेलं. आणि व्हिडिओला पुरत नाही ते दोन काड्यांचं नेट मेसेजला मात्र व्यवस्थित पुरतं!

ग्रुपचं नाव, 'फक्त कझिन्स'. मेसेज पुण्याच्या ताईचा. संकासुराच्या डोक्यावरच तो उतरला :

'एजंटचा फोन होता. रस्त्याकडचा तुकडा मार्चच्या आत करून टाकू म्हणतो. आजीची सही कोण घेणार?'

मी फोन उचलेपर्यंत त्यावर दुसरा आला :

'वाचायला मागणार नाही ती. तिला दिसतं कुठे?'

आम्ही बाकीचे मेसेज मिंग्लिशमध्ये लिहितो. ताई तेवढी मराठी टायपिंगची कट्टर. तिनं इंग्रजी अक्षरांत लिहिलं असतं तर मी वाचलो असतो. पण आजी चौथीपर्यंत शिकलेली, आणि पाच इंचांत तिला न दिसणारं अक्षर ४३ इंचांत लख्ख दिसत होतं. ती ओठ हलवत, अक्षराला अक्षर लावत वाचत होती. शेवटच्या शब्दाशी थांबली.

घरात कुणी बोलेना. संकासुर एकटाच बडबडत होता.

थोडं सांगायला हवं. तारकर्ली, देवबाग, स्कूबा डायव्हिंग हे सगळं तुम्हाला माहीत आहेच. मागच्या वीकेण्डला तुमच्यापैकी कुणीतरी तिथे असणारच! २०२१ मध्ये चिपीला विमानतळ सुरू झाला, होम स्टे वाढले आणि मालवणच्या आसपास रस्त्याला लागून असलेल्या जमिनीला विचारणारे येऊ लागले. आमचाही एक तुकडा रस्त्याला लागून आहे. काजूची झाडं, चार आंबे, बाकी गवत. घर विकायचं कुणाच्या मनातही नव्हतं. पण या तुकड्याचे पैसे आले तर कुणाचं होम लोन हलकं होईल, कुणाच्या पोराची फी भागेल. आजोबांच्या पाठी सातबाऱ्यावर इतरांबरोबर आजीचंही नाव आहे, म्हणून तिची सही लागणार. 'तिला उगाच त्रास नको, शेवटी सांगू', असं ग्रुपवर ठरलं होतं. त्या मेसेजवर अंगठा दाखवणाऱ्यांत मीही होतो. तो अंगठा दाखवताना मला अजिबात काही वाटलं नव्हतं, हे आज इथे लिहिताना जास्त वाटतंय.

मी कनेक्शन तोडायला गेलो. आजीनं हात केला, "ऱ्हवांदे."

मग माझ्याकडे न बघता, टीव्हीकडे बघतच म्हणाली, "माका सांगूक तुमका टीव्ही लागलो?"

एवढंच. आवाज चढला नाही. "आदी नाटाक संपांदे. मगे बोलया." आणि उरलेली वीस मिनिटं ती नाटक बघत राहिली. हसली मात्र नाही.

सकाळची स्क्रीन

रात्री काही बोलणं झालं नाही. कोकणातल्या घरात मोठं भांडण बहुतेक वेळा असंच होतं, भांड्यांच्या आवाजात. मला झोप लागली नाही. सकाळी पेज जेवताना ती म्हणाली, "तो कागद असात ना तुज्याकडे? टीव्हीर लाव."

कागद म्हणजे साठेखताचा मसुदा. एजंटनं ताईला पाठवलेली पीडीएफ ग्रुपवर पडून होती. खरं सांगू? आमच्यापैकी एकानंही ती शेवटपर्यंत वाचली नव्हती. किंमत बघितली, सह्यांची जागा बघितली, झालं. ऑफिसात 'आय ॲग्री'च्या चौकोनात टिचकी मारतो ना आपण, तसंच.

पुन्हा मिररिंग. या वेळी आधी फोन 'डू नॉट डिस्टर्ब'वर टाकला! मग सातबारा. हल्ली तो ऑनलाइन काढता येतो, ताईनं डाउनलोड केलेला होता. आणि त्यानंतर मसुदा. दोन बोटांनी मोठा करायचा, हळूहळू वर सरकवायचा. आजी खुर्चीत, काका बाजूला चष्मा लावून, मी फोन धरून. जिथे शब्द अडला तिथे मी वाचून दाखवायचा. मला अडला तिथे काकांनी. आणि कायद्याचं मराठी आम्हा दोघांनाही अडलं तिथे आजीनं! 'चतुःसीमा' हा शब्द मला त्या दिवशी ८४ वर्षांच्या बाईनं समजावला. जमिनीच्या चार बाजूंना काय काय आहे त्याची नोंद.

ती त्या परिच्छेदावर बराच वेळ थांबली. उत्तरेला रस्ता, पूर्वेला वहाळ, पश्चिमेला शेजाऱ्यांचं कुंपण. सगळं ती बोटानं हवेत आखत होती. मग म्हणाली, "आणि पाण्याक जावची वाट खय असा हेच्यात?"

वाट? काकांनी कपाळावर हात मारला. आमची विहीर आणि मागची उरलेली जमीन, दोन्हीकडे जाणारी पायवाट या तुकड्यातूनच जाते. शंभर वर्षं सगळे तिथूनच चालत आलेत, म्हणून ती 'आहे' हे कुणाला आठवायचंही कारण नव्हतं. मसुद्यात येण्याजाण्याच्या वहिवाटीचा एक शब्दही नव्हता. सही झाली असती, कुंपण पडलं असतं आणि आम्ही आमच्याच विहिरीवर जायला कुणाची तरी परवानगी मागत बसलो असतो.

एमबीए, इंजिनीअर, सीए मिळून सात भावंडं आहोत आम्ही. वाट सापडली चौथी पास बाईला. कारण तिनं कागद वाचला. आणि तिनं वाचला कारण तो तिला दिसेल एवढा मोठा कुणीतरी केला, तोही चुकून.

विकायचं की नाही, ते अजून ठरलेलं नाही. आजीनं 'नाही' म्हटलेलं नाही, हे मुद्दाम सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल आता शेवटी सगळे रडून मिठ्या मारतील. ती म्हणाली, वाट लिहून येऊ दे, पैसे कुणाकुणाला कसे जाणार ते माझ्यासमोर लिहा, वकिलाला दाखवा, मग बघू. सिरियलमधल्या आजीपेक्षा आमची आजी बरीच प्रॅक्टिकल निघाली. तिला जमिनीचं दुःख होतं की नाही मला माहीत नाही. 'तिला दिसतं कुठे' याचं मात्र झालं होतं. ताईनं दुसऱ्या दिवशी फोन केला. दोघी अर्धा तास बोलल्या. काय बोलल्या ते विचारायची माझी छाती झाली नाही.

आपण मोबाइलमध्ये आईवडिलांपासून, आजीआजोबांपासून काय काय लपवतो याची यादी करायला गेलो तर फार लांबेल. त्यातलं काही आपलं खासगी असतं आणि ते तसंच राहायला हवं. गोव्याच्या फोटोचा हिशेब काकीला द्यायला मी बांधील नाही! पण काही गोष्टी खासगी नसतात, नुसत्या सांगायच्या राहिलेल्या असतात. त्या त्यांच्याही असतात. आणि 'त्रास नको' हे बऱ्याचदा त्यांच्यासाठी नसून आपल्यासाठी असतं.

परवा आजीचा फोन आला होता. काकी आता स्वतः मिररिंग करते म्हणे, शेजारचे आजोबा रोज संध्याकाळी हजर. आणि आमच्या ग्रुपचं नाव बदललंय. काकांना त्यात घेतलंय, म्हणजे पर्यायानं आजीलाही. तेव्हापासून मेसेज टाकण्यापूर्वी आम्ही सातही जण एक सेकंद थांबतो. हा ४३ इंचांवर चालेल का?

बरेचसे मेसेज मग टाकावेसेच वाटत नाहीत. उरतात ते बरे असतात.

जोडण्याआधी..

* आधी 'डू नॉट डिस्टर्ब'. मिररिंग सुरू करण्यापूर्वी, नंतर नाही. आयफोनवाल्यांनी फोकस लावावा. ऑफिसच्या मीटिंगलाही हाच नियम, पिल्लू!

* नेट चांगलं असेल तर कास्ट, नसेल तर मिररिंग. यूट्यूबसारख्या गोष्टी कास्ट केल्यात तर फोन मोकळा राहतो आणि मेसेज टीव्हीवर जात नाहीत. स्वतःचे व्हिडिओ, कागदपत्रं, कमी नेटचं गाव असेल तर मिररिंग.

* वायरही वाईट नाही. टाइप-सी टू एचडीएमआय अडॅप्टर लावला की वाय-फायचा प्रश्नच मिटतो. पण फोनला टाइप-सी भोक आहे म्हणजे त्यातून चित्र बाहेर येईलच असं नाही. बऱ्याच स्वस्त फोनमधून येत नाही. फोनच्या माहितीत 'डिस्प्लेपोर्ट' हा शब्द आहे का ते बघा, मगच खरेदी करा. आयफोनमध्ये टाइप-सी २०२३ च्या आयफोन १५ पासून आहे आणि त्यातून चित्र येतं.

* सिनेमा लावल्यावर टीव्ही काळा? फोन बिघडलेला नाही. काही ओटीटी ॲप्स कॉपी होऊ नये म्हणून मिररिंगमध्ये चित्र अडवतात. टीव्हीतलंच ॲप वापरा.

* काम झालं की कनेक्शन तोडा. हॉटेलच्या, होम स्टेच्या टीव्हीवर तर हमखास. आणि जोडताना टीव्हीचं नाव नीट वाचा, शेजारच्या खोलीतलाही टीव्ही यादीत दिसू शकतो.

* अनोळखी माणसाला स्क्रीन कधीच दाखवू नका. फोनवर कुणी 'बँकेतून बोलतोय, जरा स्क्रीन शेअर करा' म्हणालं तर फोन ठेवा. आरसा निवड करत नाही, तुमचा ओटीपीही त्याला दिसतो. घरच्या मोठ्या माणसांना हे आजच सांगा. शेवटी सांगू, असं म्हणू नका.